वेपचं लिक्विड घरी मिसळायचं? आधी पूर्ण हिशेब मांडा

वेप वापरणाऱ्या वाचकांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, एकच प्रश्न फिरून फिरून येतो. लिक्विडची बाटली परवडेनाशी झाली आहे. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं, फ्लेवर केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, निकोटिन कुठून ना कुठून मागवता येतं. मग हे घरीच मिसळलं तर काय बिघडलं? स्वतःपुरतंच तर आहे. खारघरच्या भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा आपल्यापुरतं काही करतो, त्यात पोलिसांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि बहुतेकांची समजूत असते त्याच्या तो उलट आहे. विकत घेऊन ओढणाऱ्यापेक्षा घरी बनवणारा कायद्याच्या जास्त कडक कलमात सापडतो. पैशांचा हिशेबही कागदावर दिसतो तसा उरत नाही. म्हणून या लेखात मिसळण्याचं प्रमाण तुम्हाला मिळणार नाही. मिसळायचं की नाही हे ठरवायला जे माहीत हवं ते मिळेल, आणि नको असं ठरलं तर पुढे काय करायचं तेही.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून देशभर ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पनवेलला वेगळा नियम नाही, मुंबईला वेगळा नाही. तुमच्या कामाची कलमं दोनच आहेत:

- कलम ४: ई-सिगारेट किंवा तिचा कोणताही भाग बनवणं, आयात-निर्यात करणं, वाहून नेणं, विकणं, वाटणं आणि तिची जाहिरात करणं यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.
- कलम ५: आपल्या ताब्यातल्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवू देणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘बनवणं’ म्हणजे कारखान्यात बनवणं, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. जोडणी, तयार करण्याची कोणतीही प्रक्रिया, तिला पूरक असलेलं काम, हे सगळं त्यात येतं. विकण्यासाठी की स्वतःसाठी, असा फरकही केलेला नाही. लिक्विड हा ई-सिगारेटचा ‘भाग’ आहे का, यावर एखादा वकील न्यायालयात जोरदार युक्तिवाद करू शकेल. पण तो युक्तिवाद होईपर्यंत गुन्हा नोंदलेला असेल, पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत आणि नोकरीच्या अर्जात त्याबद्दल उत्तरं द्यावी लागतील. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी हा मुद्दा स्वतःच्या अंगावर घेऊन तपासून पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला, ‘माझ्या लिक्विडमध्ये निकोटिन नाही.’ कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही येतं. तापवून वाफ करून ओढायचं उपकरण असलं की पुरे. दुसरा, ‘ओढणं गुन्हा नाही, मग जवळ ठेवणं कसा असेल?’ कायद्याच्या मजकुरात नुसत्या वापराला शिक्षा लिहिलेली नाही, हे खरं. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये अशी भूमिका जाहीर केली की ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे. कायद्याची अक्षरं आणि मंत्रालयाची भूमिका यांत अंतर आहे. त्या अंतरात सामान्य माणसाने उभं राहू नये.

आणखी काही जण नकळत कलम ४ मध्ये पाय टाकतात. मित्रासाठी एक जास्तीची बाटली भरून देणं हे वाटप झालं. ‘आज मी घरी हा फ्लेवर बनवला’ अशी रील टाकणं ही जाहिरात ठरू शकते. आणि तुम्ही बाटल्या ठेवल्यात ती खोली ज्यांच्या ताब्यात आहे, म्हणजे बरोबर राहणारा मित्र किंवा पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या काकू, त्यांना माहीत असूनही त्यांनी डोळेझाक केली, तर कलम ५ त्यांच्याही दारात येतं. कामोठे, खारघर, नवीन पनवेल भागात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरारात याची एक ओळ घालून घ्यावी.

बाटली महाग का पडते

बंदी असलेल्या मालावर छापील किंमत नसते. चोरट्या मार्गाने आलेला माल चार हातांतून फिरतो आणि प्रत्येक जण आपली जोखीम किमतीत घालतो. बाटली हातात घेऊन नीट पाहा. परदेशी ब्रँडचं नाव ठळक, फळाचं चकचकीत चित्र. पण आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. बॅच क्रमांक असला तर तो खोडलेला किंवा वरून चिकटवलेला. झाकणाचं सील कधी तुटलेलं, कधी दुसऱ्याच रंगाचं. लेबलावर ‘२० मिग्रॅ’ लिहिलं आहे, आत किती आहे ते तपासणारं कोणी नाही. तुम्ही चढी किंमत मोजता ती बहुतांशी मालाची नसते, तो तुमच्यापर्यंत लपवून आणण्याची असते.

माल नकली निघाला तर ग्राहक आयोगाकडे न्यायला तुमच्याकडे बिल नाही. ही तक्रार रास्त आहे, पण घरी मिसळून तिचं निवारण होत नाही. कारण महाग आणि धोकादायक घटक, म्हणजे निकोटिन, तुम्ही त्याच चोरट्या बाजारातून आणणार असता.

घरच्या हिशेबात जे धरलेलं नसतं

घरी मिसळणाऱ्याचा हिशेब सोपा असतो: ग्लिसरीनला इतके, फ्लेवरला इतके, निकोटिनला इतके, भागिले मिलिलिटर. उत्तर स्वस्त येतं. आता एकेका घटकाकडे पाहू.

*ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल.* लिक्विडचा मोठा भाग या दोन गोष्टींचा असतो. औषधी दर्जाचं, अन्नाच्या दर्जाचं आणि औद्योगिक दर्जाचं असे त्यांचे प्रकार असतात आणि डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात: पारदर्शक, दाटसर. भेसळ कशी होते हे मुंबईने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पडली. लक्षात घ्या, ते सरकारी रुग्णालय होतं. खरेदी विभाग होता, पुरवठादार होता, औषध प्रशासन होतं. त्यानंतरही हा विषय संपला नाही. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं दगावली ती हेच रसायन मिसळलेल्या भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांमुळे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यानंतर जगासमोर आलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा तेच घडलं. या सगळ्या प्रकरणांत माल पोटात गेला होता. छातीत रोज शेकडो झुरक्यांनी जाणाऱ्या मालाची तुम्ही स्वयंपाकघरात काय तपासणी करणार? गॅस क्रोमॅटोग्राफी ही भेसळ पकडणारी चाचणी घरात होत नाही आणि प्रयोगशाळेचा खर्च धरला तर ‘स्वस्त’ हा शब्दच संपतो.

*फ्लेवर.* व्हॅनिला इसेन्स खीर-केकमध्ये चालतो, म्हणून तो फुप्फुसालाही चालेल हे गणित चुकीचं आहे. पोटात गेलेलं पचतं, यकृतातून गाळलं जातं. फुप्फुसाला ती सोय नाही. खाण्याचे काही इसेन्स तेलात विरघळवलेले असतात आणि तेलाचे कण फुप्फुसात गेले की तिथे दाह होऊन न्यूमोनियासारखा आजार होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणारी तरुण मुलं अचानक धापा टाकत रुग्णालयात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या रोग नियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. मुख्य संशयित ठरलं ते व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. वेपमध्ये भरायचं गांजाचं तेल दाट दिसावं म्हणून ते विकणाऱ्यांनी घातलं होतं. त्वचेला लावायच्या क्रीममध्ये चालणारी गोष्ट वाफेतून प्राणघातक ठरली. लोण्याचा, कस्टर्डचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटिल हे असंच दुसरं उदाहरण. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या.

*निकोटिन.* इथे जरा थांबा, कारण जीव जाण्याचा धोका याच टप्प्यावर आहे. घरी मिसळणारे तयार लिक्विड आणत नाहीत, ते दाट द्रावण आणतात. समजा बाटलीवर ‘१०० मिग्रॅ प्रति मिलि’ असं लिहिलं आहे. एका चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम निकोटिन. मोठ्या माणसाला घातक ठरणारी मात्रा आजच्या अभ्यासानुसार साधारण ५०० मिलिग्रॅम ते एक ग्रॅमच्या आसपास धरली जाते. लहान मुलाला त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. हे द्रावण कातडीतूनही अंगात जातं. तंबाखूच्या शेतात दंवाने ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना चक्कर, मळमळ, उलटी होते ती याच कारणाने. पहिल्यांदा तंबाखू ‘लागलेला’ माणूस कसा घामाने डबडबतो ते आपल्याकडे गावोगाव पाहिलेलं असतं. ओल्या पानातल्या अंशाने ही गत होते, तर दाट द्रावण हातावर सांडलं की काय होईल याचा अंदाज करा.

शिवाय मोजताना एक शून्य चुकलं, किंवा बाटलीवरचा आकडाच खोटा असला, तर दहापट तीव्र लिक्विड तयार होतं. ते ओढून पाहण्याखेरीज तुमच्याकडे तपासण्याचा दुसरा मार्ग नसतो.

आता पैसे. समजा घरी मिसळून तुमचे महिन्याला १,५०० रुपये वाचले. वर्षाचे १८,०००. पहिल्याच गुन्ह्याचा कमाल दंड १ लाख, म्हणजे साडेपाच वर्षांची बचत. वकिलाची फी, बुडालेले कामाचे दिवस आणि एखादा दवाखाना यात धरलेलाच नाही.

‘पण मी सिगारेट सोडायला वेप घेतला होता’

असं लिहिणारे वाचक खोटं बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये तिथली आरोग्य सेवा धूम्रपान करणाऱ्या प्रौढांना सिगारेट सोडण्यासाठी वेपचा पर्याय सांगते. पण तिथे निकोटिन लिक्विडची बाटली १० मिलिपेक्षा मोठी चालत नाही, तीव्रता २० मिग्रॅच्या वर चालत नाही आणि प्रत्येक उत्पादनाची सरकारकडे नोंद लागते. आपल्याकडे यातलं काहीच नाही, कारण माल बेकायदेशीर आहे. ब्रिटनचा सल्ला भारतातल्या बाटलीला लागू होत नाही. तुमचा हेतू चांगला होता, तर तोच हेतू धरून पुढे दिलेल्या कायदेशीर मार्गाकडे या.

घरात बाटली आहे आणि लहान मूलही आहे

गोड वास, रंगीत चित्र, खेळण्याएवढी बाटली. मूल ती तोंडात घालणारच. बाटली कपाटात कुलपात ठेवा. औषधाच्या किंवा डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीत लिक्विड कधीही भरून ठेवू नका. अपघात झालाच तर:

- पोटात गेलं असेल तर उलटी काढायला लावू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नका. तोंड पुसून घ्या आणि १०८ ला फोन करा. रिक्षा लवकर मिळत असेल तर थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम आहे.
- कातडीवर सांडलं असेल तर कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यांत गेलं तरी तेच.
- बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना तीव्रतेचा आकडा लागतो. पोलिसांच्या भीतीने बाटली लपवू नका, मुलाच्या उपचाराची वेळ त्यात जाते.
- दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७.

सुरुवातीला उलटी, लाळ, घाम, जोरात धडधडणारं काळीज दिसतं. मग मूल मलूल होतं, झटके येऊ शकतात, श्वास मंदावतो. ‘उलटी झाली, आता बरं आहे’ असं म्हणून घरी थांबू नका.

जवळ आहे त्याचं काय करायचं

विकू नका, कोणाला देऊ नका. दोन्ही गोष्टी कलम ४ मध्ये येतात. मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. उपकरणातली लिथियम बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर घंटागाडीत पेट घेऊ शकते; ती ई-कचऱ्यात जायला हवी. साठा मोठा असेल, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या दुकानातल्या कोणी विक्रीसाठी माल भरला असेल, तर आधी वकिलाला भेटा. साठ्याची यादी करून तो अधिकृत अधिकाऱ्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती कायदा लागू झाला तेव्हा हाती असलेल्या साठ्यासाठी होती. चौकशी आधीच सुरू झाली असेल तर मात्र काहीही हलवू नका, फेकू नका.

परदेशातून येताना आणि जाताना

नवी मुंबई विमानतळ आता पनवेलच्या दारात आलं आहे आणि दुबई-लंडनहून येणारी मुलं ‘तिकडे चालतं’ म्हणून बॅगेत वेप टाकून आणतात. ही आयात आहे. सीमाशुल्क विभाग माल जप्त करू शकतो आणि दंडही लावू शकतो. कोणी ‘माझं एक छोटं पार्सल घेऊन जा’ म्हणालं तर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

जाणाऱ्यांसाठीही थोडं. सिंगापूर आणि थायलंडमध्ये वेपवर बंदी आहे आणि पर्यटकांनाही दंड होतो. ब्रिटनमध्ये शिकायला जाणाऱ्यांना वेप कायदेशीर मिळेल, पण १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर तिथेही बंदी आली आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलि लिक्विडवर २ पौंड २० पेन्स कर ठरला आहे, निकोटिन नसलेल्या लिक्विडवरही. ‘तिकडे स्वस्त आहे’ हा हिशेब त्यामुळे जुना झाला.

ऑनलाइन मागवताना होणारी फसवणूक

टेलिग्राम, इन्स्टाग्रामवरचा विक्रेता यूपीआयने आगाऊ पैसे घेतो आणि गायब होतो. हे साधं. त्यापुढचा प्रकार वाईट आहे: आठवड्याने फोन येतो, ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, बंदी असलेला माल आहे, केस नको असेल तर इतके पाठवा.’ मागे व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही, आणि व्हिडिओ कॉलवर कोणी कायदेशीर दंड वसूल करत नाही. फोन बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आपणही बंदीचा माल मागवला होता या लाजेने अनेक जण गप्प बसतात आणि पुन्हा पुन्हा लुटले जातात. खंडणी मागणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क तुमचा गेलेला नाही. तक्रार लिहिण्याआधी वकिलाशी एकदा बोलून घ्या, एवढंच.

पोलीस आले तर तुमचे हक्क

ई-सिगारेट बंदीच्या कायद्याखाली झडती घेणारा अधिकारी किमान उपनिरीक्षक दर्जाचा असावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार:

- झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी व्हायला हवी आणि तिची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. यादीवर सही करण्याआधी बाटल्यांची संख्या आणि प्रत्येकीतलं प्रमाण बरोबर लिहिलंय का ते पाहा.
- सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस दिली जाते. नोटीस आली तर टाळू नका. दिलेल्या दिवशी हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही.
- अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं.
- स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका.
- वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागा. महिलांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता ती मिळते.
- ‘जागीच मिटवून टाकू’ असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

तेच पैसे सुटण्यासाठी लावा

निकोटिन हवंच असं शरीर सांगत असेल, तर ते कायदेशीर आणि तपासलेल्या स्वरूपात मिळतं. निकोटिनचा च्युइंगम औषध म्हणून बनतो आणि २०२२ पासून निकोटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. २ मिग्रॅचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिग्रॅसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वेप हातात घ्यावाच लागत असेल, तर तुमचं व्यसन जड आहे आणि डॉक्टरांकडे जाणंच बरं.

हा गम पुष्कळ जण साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चघळतात. मग उचक्या येतात, पोटात जळजळतं आणि ‘उपयोग नाही’ म्हणून तो सुटतो. नीट वापर असा:

1. हळूहळू चावा. जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबा.
2. गम गाल आणि हिरडी यांच्या मधे दाबून ठेवा. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून शोषलं जातं, गिळून नाही.
3. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावा, दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम अर्धा तास पुरतो.
4. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, शीतपेय घेऊ नका. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. टपरीवरच्या चहाबरोबर गम घेणाऱ्यांचे पैसे नेमके इथे वाया जातात.

खर्च बघा. एका गमला १० रुपये धरले आणि पहिल्या महिन्यात दिवसाला दहा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात तीन लागले, तर ३,००० अधिक १,८०० अधिक ९००, म्हणजे तीन महिन्यांत ५,७०० रुपये. पाकिटावरची किंमत पाहून हा आकडा तुम्ही स्वतः दुरुस्त करा. ऐकायला हा लिक्विडपेक्षा जास्त वाटेल, पण चौथ्या महिन्यात तो थांबतो. गमने भागत नसेल तर निकोटिनचे पॅच आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि अठरा वर्षांखालील मुलांनी गमसुद्धा स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, खा-खा सुटणं हे सगळं येतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणून परीक्षेच्या किंवा लग्नकार्याच्या आठवड्यात सुरुवात करू नका. आणि वेप सोडताना सिगारेट किंवा मावा ‘तात्पुरता’ म्हणून धरू नका. तो तात्पुरता राहत नाही.

आईवडिलांसाठी

मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काही सापडलं, खोलीला आंब्याचा किंवा पुदिन्याचा गोड वास येतो, तर त्याच रात्री ‘पोलिसांत देईन’ अशी धमकी देऊ नका. त्याने वस्तू लपवण्याची जागा तेवढी बदलते. सकाळी शांतपणे विचारा: दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळाने, कोणाकडून, आणि घरी काही मिसळतोस का? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण विषाची बाटली घरात आहे की नाही ते त्यावरून कळेल. मुलाला देणारा शाळा-कॉलेजच्या आसपासचा टपरीवाला असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तक्रार पोर्टलवर कळवा. तुमच्या मुलाचं नाव त्यात घालण्याची गरज नाही. मुलगा फार अस्वस्थ, गप्प किंवा निराश वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८०० ११ २३५६. तिच्या केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे, त्यामुळे मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर वेपबद्दल विचारायला संकोचू नका. समुपदेशक तुम्हाला सोडण्याची एक तारीख ठरवायला सांगतील आणि त्यानंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतील. फोन करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: लिक्विडची तीव्रता, एक बाटली किती दिवस पुरते आणि आधी कधी सोडायचा प्रयत्न केला असेल तर तो कशामुळे मोडला.